रिपेअर रॅप लावला तरी परत गळतंय, परत सैल होतंय? एकेक करून हे तपासा

पाण्यात बुडवायची, गुंडाळायची आणि १५-२० मिनिटांत लाकडासारखी टणक होते, ती पट्टी. कुणी रिपेअर रॅप म्हणतं, कुणी फायबर टेप, आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे तिला प्लास्टरची पट्टी म्हणतात. घरातला पाइप, आजोळी मामांच्या फावड्याचा दांडा, ट्रेकला मोडलेले पोल (चालताना टेकायच्या काठ्या) असं मिळून मी ही पट्टी बऱ्याचदा लावलीय, आणि दुसऱ्यांनी लावलेली फसली म्हणून हॅक्सॉ ब्लेडने कापून काढायचं काम त्याहून जास्त वेळा केलंय. तक्रार दर वेळी तीच, की लावली, कडक पण छान झाली, आणि दोन दिवसांनी परत जैसे थे. कापून बघितलं की कारणं पण तीच चार-पाच निघतात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, ही पट्टी म्हणजे गोंद नाही. फायबर ग्लासचं विणलेलं कापड असतं, त्यात पॉलियुरेथेन रेझिन (राळेसारखं चिकट रसायन) मुरवलेलं असतं आणि पाणी लागलं की ते रेझिन कडक होतं. हाडांचे डॉक्टर हल्ली जे हलकं फायबरचं प्लास्टर घालतात त्यातही हीच युक्ती आहे. आता ते प्लास्टर काही पायाला चिकटून पाय धरत नाही, भोवती कवच होऊन धरतं. तसंच इथे. थोडीफार चिकटते, पण तिचा खरा जोर आवळून धरण्यात आणि थरांवर थर चढण्यात आहे. बहुतेक जण ती सेलोटेपसारखी हलक्या हाताने दोन वेढे देऊन लावतात, आणि फसण्याची सुरुवात तिथूनच होते.

लक्षणं कोणती आणि कशाकडे बोट दाखवतात

पट्टी टणक आहे पण कडेने थेंब थेंब येतोय, म्हणजे पाणी पट्टीच्या खालून वाट काढतंय. भोक आधी बुजवलं नव्हतं किंवा पाइप ओला-तेलकट होता.

पट्टी हाताने धरली की बांगडीसारखी गोल फिरते. म्हणजे खाली पकडच नाही. एक तर पृष्ठभाग गुळगुळीत ठेवला, नाहीतर पाइप असल्या प्लास्टिकचा आहे की ज्याला काहीच चिकटत नाही.

वरून कडक, पण नख रुतवलं तर आतून च्युइंगगमसारखं. आतल्या थरांना पाणी पोचलंच नाही, किंवा पाकीट जुनं होतं.

थर पापुद्र्यासारखे सुटतात, कांद्यासारखे. गुंडाळल्यावर शेवटपर्यंत दाबून धरलं नाही.

दांडा किंवा पोल मूळ जागी नाही, पट्टी जिथे संपते बरोबर तिथेच नव्याने मोडला. पट्टी आखूड पडली, सगळा ताण कडेला आला.

आणि शेवटचं, पाकीट फाडलं तर आत आधीच लाकडाचा गठ्ठा. ह्याला इलाज नाही, पण पुढच्या वेळी टाळता येतं, ते खाली येतंच.

सगळ्यात आधी पाकीट बघा, पैसे लागत नाहीत

न उघडलेलं पाकीट बोटांनी दाबून बघा. आतला रोल मऊ, किंचित लिबलिबीत लागला पाहिजे. कडक लागला तर दुकानातच परत द्या. हे रेझिन हवेतल्या ओलाव्यानेसुद्धा कडक होतं, म्हणूनच ते चांदीसारख्या फॉइलच्या पाकिटात बंद असतं. त्या फॉइलला टाचणीएवढं भोक पडलं तरी पट्टी गेली. ट्रेकच्या सॅकमध्ये चाकू, टेंटचे पेग, स्टोव्ह असल्या टोकदार सामानाशेजारी पाकीट टाकू नका, मी ते एका छोट्या डब्यात ठेवते आणि डबा कपड्यांच्या मधोमध. गाडीच्या डॅशबोर्डवर मे महिन्यात ठेवलेलं पाकीटपण मी वापरणार नाही. एक्स्पायरी डेट पण बघाच, ती उगाच छापलेली नसते.

आणि अर्धी वापरून उरलेली नंतरसाठी ठेवू हा विचार सोडून द्या. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात उरलेला रोल रबरबँड लावून कितीही घट्ट पिशवीत ठेवला तरी सकाळी काठी झालेली असते. म्हणून लहान कामाला लहान पाकीट घ्या, आणि मोठं फोडलं तर सगळं त्याच कामावर संपवा, जास्तीचे थर वाया जात नाहीत.

मग बघा पाइप कशाचा आहे

ह्यालापण खर्च नाही, नुसतं बघायचं. जीआय (जस्त चढवलेला लोखंडी पाइप), तांबं, पीव्हीसी, सीपीव्हीसी (घरात गरम पाण्यालाही चालतो तो प्लास्टिक पाइप), लाकूड, अॅल्युमिनियम ह्यांच्यावर पट्टी बसते. काळा एचडीपीई पाइप (शेतात असतो तो), हिरवा किंवा पांढरा पीपीआर, पाण्याची प्लास्टिकची टाकी, बादली, जेरीकॅन ह्यांच्यावर नाही बसत. ह्या पॉलिथिलीन-पॉलिप्रॉपिलीन जातीच्या प्लास्टिकवर रेझिनला पकडायला काही मिळतच नाही, कितीही घासा. गोल पाइप असेल तर बांगडीसारखी बसेल खरी, पण पाणी खालून येत राहणार. गावाकडे ठिबकच्या मेनलाइनवर लोकांनी अशी पट्टी लावलेली बघितलीय मी, एवढ्या महागाची पट्टी आणि शेजारी झरा तसाच. तिथे जॉइनर (दोन तुकडे जोडणारा सांधा) टाकणं हेच योग्य, कमी खर्चाचंपण आहे.

टाकीच्या चपट्या भिंतीला पडलेली चीर, सिंकचा तळ असल्या सपाट जागेवर पट्टी लावूच नका. जिथे पूर्ण वेढा देता येत नाही तिथे आवळणं नाही, आणि आवळणं नाही तर जोर नाही.

पाणी खरंच बंद आहे का

हसू नका, सगळ्यात जास्त पट्ट्या इथेच फसतात. कॉक बंद केला, धार थांबली, म्हणून लोक लगेच गुंडाळायला घेतात. पण वरच्या पाइपात उरलेलं पाणी हळूहळू भोकातून झिरपतच असतं, आणि जुना गेट व्हॉल्व्ह तर पूर्ण बंद होतच नाही, आतली तबकडी झिजलेली असते. म्हणून कॉक बंद करून खालचा नळ उघडा, पाइप रिकामा होऊ द्या, मग भोकाभोवती टिश्यू पेपर धरा आणि ५ मिनिटं थांबा. टिश्यू कोरडा राहिला तर पुढे जा. ओला झाला तर वरच्या टाकीचाच कॉक बंद करावा लागेल.

हे एवढं का, तर थोडं गणित बघा. टाकी नळापासून १० मीटर उंच असेल, म्हणजे साधारण तीन मजले, तर नळाशी दर चौरस सेंटिमीटरला अंदाजे १ किलो दाब असतो. पाइपाला १ मिलिमीटरचं भोक आहे असं धरा, तर त्या भोकावर पाण्याचा जोर जेमतेम ८ ग्रॅम येतो. बोटाने थांबेल इतका. पण तेच पाणी पट्टीच्या खाली पसरलं आणि समजा २० चौरस सेंटिमीटर जागा ओली केली, की तोच दाब आता पट्टीला २० किलोच्या जोराने बाहेर ढकलतो. भोक तेवढंच, पाणी तेच, फक्त ते पसरलं. म्हणून पट्टी लावायच्या आधी भोक जागच्या जागी बुजवणं हे ह्या अख्ख्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. आणि प्रेशर पंप असेल तर हाच आकडा दुप्पट-तिप्पट होतो हे लक्षात ठेवा.

बुजवायचं कसं? दोन भाग मळून लावतो ती इपॉक्सी पुट्टी (आपण सगळ्यालाच एमसील म्हणतो ती) भोकात दाबून, कडा चपट्या करून, कडक होऊ द्यायची. नाहीतर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, भोकापेक्षा चारी बाजूंनी २-३ सेंटिमीटर मोठा, ताणून गुंडाळून बारीक तारेने बांधायचा. स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन रबराची टेप मिळते तीपण चांगली, पण तिचे वेढे भोकाच्या आसपासच ठेवा, कारण सिलिकॉनला रेझिन चिकटत नाही, पट्टीला दोन्ही बाजूंना उघडा पाइप मिळायला हवा.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे तीन वेळा पट्टी लावून झाली होती. तिसरीही फसल्यावर मी गेले, कापली, आणि आतली बाजू बघितली तर पाइपाला टेकणाऱ्या थरावर बारीक पांढरा क्षार जमून त्याची वळणावळणाची रेघ झाली होती, भोकापासून थेट कडेपर्यंत. पाण्याने स्वतःची वाटच आखून ठेवली होती. काकू म्हणाल्या, "अगं, वरून तर किती मजबूत दिसत होती." वरून मजबूतच होती, पण पाणी वरून जात नव्हतंच. पुट्टी लावून, २ तास थांबून मग पट्टी घातली, आणि प्लंबर येईपर्यंत थेंब आला नाही.

घासणं आणि पुसणं

६० किंवा ८० नंबरचा पॉलिश पेपर घ्या, पाइप चकाकी जाईपर्यंत घासा. भोकाच्या दोन्ही बाजूंना निदान ५ सेंटिमीटर, जमलं तर जास्त. जीआयवर गंज असेल तर तारेचा ब्रश. ऑइल पेंट असेल तर तो खरवडून काढा, नाहीतर पट्टी पेंटला धरते आणि पेंट पाइपाला सोडतो. मग स्पिरिटने पुसा आणि सुकू द्या. सीपीव्हीसी-पीव्हीसीवर थिनर किंवा अॅसिटोन ओतू नका, प्लास्टिक मऊ पडतं. स्वयंपाकघरातल्या पाइपांवर तेलाचा थर दिसत नाही पण असतो, फोडणीच्या वाफेचा, तो भांड्याच्या साबणाने आधी धुऊन घ्यायचा.

घासताना पाइप आत दबला, किंवा ब्रशखाली एका भोकाची तीन झाली, तर थांबा. खाली जिथे प्लंबरचं लिहिलंय तो भाग वाचा.

गुंडाळणं, इथे जरा सविस्तर लिहिते

हातमोजे घाला. पाकिटात एक जोडी असते, मी आणखी एक जोडी जवळ ठेवते कारण पहिली हमखास फाटते. रेझिन हाताला लागलं तर ओलं असतानाच स्पिरिटने पुसून साबणाने धुवा, सुकल्यावर ते कातडीबरोबरच चार-सहा दिवसांनी निघतं. खिडकी उघडी ठेवा. घरात कुणाला दमा असेल तर त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा, कडक होण्याआधी ह्या रेझिनमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं आणि ते दम्याच्या माणसाला चांगलं नाही.

पाण्याचा मग, कात्री, क्लिंग फिल्म (भांडी झाकायचं पातळ पारदर्शक प्लास्टिक), टाचणी हे सगळं हाताशी मांडून झाल्याशिवाय पाकीट फाडायचं नाही. फाडल्यावर घड्याळ सुरू होतं. पाकिटावर जितके सेकंद पाण्यात ठेवा म्हणलंय तितकेच, आणि त्या वेळात रोल दोन-तीनदा हलका दाबायचा म्हणजे पाणी मधल्या थरांपर्यंत जातं. नुसता बुडवून काढला तर आतलं कोरडं राहतं, ते च्युइंगगमवालं लक्षण त्याचंच. उलट कपडे पिळल्यासारखा पिळत बसलात तर रेझिनच बाहेर येतं. काही कंपन्यांची पट्टी कोरडी गुंडाळून वरून पाणी मारायची असते, म्हणून सूचना एकदा वाचा. उन्हाळ्यात गार पाणी वापरा, कोमट पाण्यात ती भराभर कडक होते आणि अर्धी गुंडाळून होईपर्यंत हातातच अडकते. हिमाचल-उत्तराखंडच्या थंडीत ह्याच्या उलट, पाकीट अर्धा तास जॅकेटच्या आत धरून गरम करायचं आणि कडक व्हायला जास्त वेळ द्यायचा.

सुरुवात भोकावरून नको, बाजूच्या चांगल्या भागावरून करा. पहिला वेढा जागच्या जागी, मग प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर चढवत पुढे, भोक ओलांडून पलीकडच्या चांगल्या भागापर्यंत, मग परत. प्रत्येक वेढ्याला ओढ द्यायची, फेटा बांधताना देतात तशी, सैल नको आणि रेझिन पिळून निघेल इतकी जोरातपण नको. पाण्याच्या पाइपाला मी भोकावर ६ ते ८ थर येतील असं बघते. ३ थर म्हणजे नुसतं झाकण.

आता जो भाग लोक वगळतात तो. शेवटचं टोक लावून झालं की काम संपत नाही, तिथून खरं सुरू होतं. रेझिन पाण्याशी जुळताना त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून पट्टीच्या विणीतून बारीक पांढरे बुडबुडे फेसासारखे वर येताना दिसतील आणि हाताला पाइप कोमट लागेल. हा वायू थरांच्या मध्ये अडकला तर थर फुगून वेगळे होतात. तेच कांद्याचे पापुद्रे. म्हणून वरून क्लिंग फिल्म ताणून गुंडाळायची, टाचणीने तिला भरपूर भोकं पाडायची, आणि ओल्या हातमोज्याने पट्टी दाबत फिरवत राहायचं, पण ज्या दिशेने गुंडाळली त्याच दिशेने, उलट फिरवलं की थर सैल होतात. ५-७ मिनिटं. कंटाळवाणं आहे पण हेच करा. बुडबुडे थांबले, बोटाचा ठसा उमटेनासा झाला, नखाने वाजवलं तर टकटक असा आवाज आला की हात काढा.

आणि मग पाणी लगेच सोडू नका. हाताला टणक लागली म्हणजे पूर्ण ताकद आली असं नाही. मी निदान १ तास थांबते, प्रेशर पंपाची लाइन असेल तर रात्रभर. सोडताना कॉक हळूहळू उघडायचा, एकदम उघडला की पाइपात धक्का बसतो. बाल्कनीत उन्हात असेल तर दुसऱ्या दिवशी वरून ऑइल पेंटचा हात मारा, ऊन ह्या रेझिनला पिवळं आणि ठिसूळ करतं. शेवटी मार्करने तारीख टाका. दोन महिन्यांनी कुणालाच आठवत नाही कधी लावली ते.

दांडा आणि पोल, इथे नियम वेगळा

पाइपात जोर आतून बाहेर असतो, म्हणून गोल वेढे चालतात. दांड्यावर जोर वाकवण्याचा असतो, आणि गोल वेढे वाकण्याला जवळजवळ काहीच अडवत नाहीत, कारण धाग्याचा जोर धाग्याच्या लांबीत असतो, आडवा नसतो. मामांनी फावड्याच्या दांड्याला तुटल्या जागी तब्बल १२ थर गोल गोल चढवले होते, मुठीएवढा गोळा झाला होता, आणि दुसऱ्याच दिवशी बांधावर दोन घाव घातल्यावर दांडा त्या गोळ्यातच डुगडुगायला लागला. "मामा, तुम्ही ह्याला कमरेला पट्टा बांधलाय, पाठीला आधार कुठंय?" म्हणलं. मग बांबू चिरून त्याच्या वीतभर लांबीच्या चार पातळ पट्ट्या केल्या, तुटल्या जागेच्या चारी बाजूंना दांड्याला समांतर लावल्या, तारेने तात्पुरत्या बांधल्या आणि त्यावर पट्टी तिरकी, फुलीसारखी, आधी एका बाजूने मग दुसऱ्या बाजूने, आणि शेवटी फक्त दोन थर गोल. त्याने भाताच्या खाचराचं चिखलाचं काम पार पडलं. कुदळ, कुऱ्हाड ह्यांच्या दांड्याला मात्र मी हे करणार नाही. कुऱ्हाडीचं पातं सुटून उडालं तर समोर माणूस असतो. नवा दांडा बसवा.

नुसती चीर पडलेला दांडा आणि पूर्ण दोन तुकडे झालेला दांडा ह्यातपण फरक आहे. चीर असेल तर लाकडाचा गोंद आत सोडून, दोरीने आवळून, सुकल्यावर पट्टी घाला, चांगलं टिकतं. दोन तुकडे असतील तर आधाराच्या पट्ट्यांशिवाय करू नका.

ट्रेकिंग पोलचं तंत्र हेच. हरिश्चंद्रगडावरून पाचनईकडे उतरताना ग्रुपमधल्या एकीचा पोल दगडांच्या फटीत अडकून खालच्या भागात वाकून तुटला. आधी पोल तिच्या उंचीला हव्या त्या लांबीवर लॉक केला, कारण पट्टी लागल्यावर तो भाग दुसऱ्या नळीत सरकणार नाही, पोल कायमचा त्याच लांबीचा होतो, आणि हे लोकांना नंतर कळतं. मग टेंटचे दोन अॅल्युमिनियम पेग आधाराला लावले, बाटलीतलं अर्धा कप पाणी वापरलं, वर पट्टी. २० मिनिटं बसलो, चिक्की खाल्ली. ती पूर्ण उतार त्याच पोलवर उतरली, फक्त पूर्ण वजन टाकू नको असं सांगितलं होतं.

टेंटच्या पोलला मात्र पट्टी शक्यतो नको, जाडी वाढली की पोल टेंटच्या शिवलेल्या बोगद्यातून जात नाही. टेंटबरोबर एक छोटी धातूची नळी देतात ना, जी सगळे घरीच विसरतात, ती तुटल्या जागेवर सरकवून दोन्ही टोकांना टेप मारायची. बुटाचा सोल सुटला तरी ही पट्टी नको, चालताना बूट वाकतो आणि कडक पट्टी वाकत नाही, तडकते आणि काचेचे धागे टोचतात. तिथे सुतळी किंवा जादा लेस आडवी बांधा, भले दर तासाला परत बांधावी लागली तरी चालेल.

आता अवघड जागा

एल्बो, टी, सॉकेट (पाइपाची वळणं, फाटे, सांधे) ह्यांच्या जोडावरची गळती ही सगळ्यात फसवी. वाकड्या जागी पट्टीत सुरकुत्या पडतात आणि प्रत्येक सुरकुती म्हणजे पाण्याला बोगदा. पट्टीचे हातभर लांबीचे दोन-तीन तुकडे करून ते इंग्रजी आठच्या आकारात फिरवले तर जमतं, पण मी खरं सांगते, निम्म्या वेळा परत झिरपतं. चुडीचा (आट्यांचा) जोड असेल तर आधी तो उघडून टेफलॉन टेप लावून परत घट्ट करणं हे पट्टीपेक्षा स्वस्त, सोपं आणि कायमचं काम आहे. तसंच सीपीव्हीसीच्या सरळ, हात पोचेल अशा पाइपला चीर गेली असेल आणि दुकान उघडं असेल, तर पट्टीपेक्षा तेवढा तुकडा कापून कपलर (जोडणारा सांधा) टाकून घेणं कितीतरी कमी पैशात होतं. पट्टी ही रविवारी रात्री १० वाजता पाणी उडायला लागल्यावर कामाची.

गिझरची किंवा सोलरची गरम लाइन असेल तर फार भरवसा ठेवू नका. सीपीव्हीसीचा ३ मीटरचा पाइप ४० अंशांनी तापला की लांबीत साधारण ७-८ मिलिमीटर वाढतो आणि गार झाला की परत आकसतो, हे रोज सकाळी. पट्टी तेवढी ताणत नाही, आठवडा-पंधरा दिवसांत पकड सुटते. पिण्याच्या पाण्याच्या लाइनवरपण मी ती फक्त प्लंबर येईपर्यंत ठेवते.

कधी थांबायचं

जीआय पाइप ब्रशखाली दबला, किंवा एक भोक बुजवल्यावर हातभर अंतरावर दुसरं सुरू झालं, तर तो पाइप आतून संपलाय. पट्टी एका जागी जोर धरते आणि पाणी पुढची कमजोर जागा शोधतं. प्लंबरला बोलवा आणि पूर्ण तुकडा बदला. एकाच जागी दोनदा नीट लावूनही गळलं तर तिसरी लावू नका. भिंतीच्या आत ओल येतेय, पाइप दिसतच नाहीये, तर हे पट्टीचं काम नाहीच. सोसायटीच्या मुख्य उभ्या लाइनला स्वतः हात लावू नका, कमिटीला सांगा, तिथला दाब आणि जबाबदारी दोन्ही मोठी असते. पाणी स्विचबोर्डवर किंवा गिझरच्या वायरीवर येत असेल तर पाइपाकडे जायच्याही आधी मेन स्विच बंद, मग इलेक्ट्रिशियन, मग प्लंबर, ह्याच क्रमाने.

गॅसची नळी, रेग्युलेटर, पाइप गॅसची लाइन, ह्यांना कुठलीच पट्टी नाही. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, एकही स्विच चालू-बंद करायचा नाही, आणि घराबाहेर येऊन फोन करायचा, एलपीजी गळतीसाठी १९०६, पाइप गॅस असेल तर बिलावर छापलेला इमर्जन्सी नंबर. प्रेशर कुकरचा हँडल, शिडी, सायकलचा फोर्क किंवा ब्रेक, कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) आणि दोराचं कुठलंही सामान ह्यांनापण नाही. जिथे माणसाचं वजन किंवा जीव त्या वस्तूवर टांगलेला आहे तिथे दुरुस्ती नाही, बदल.

आणि एक प्रश्न ट्रेकला दर वेळी कुणीतरी विचारतं, की डॉक्टर असंच प्लास्टर घालतात तर पाय मोडल्यावर हीच पट्टी पायाला गुंडाळली तर? अजिबात नाही. ही कडक होताना तापते, थेट कातडीवर भाजू शकते. आणि मार लागलेला पाय पुढचे कितीतरी तास सुजत जातो, कडक पट्टी सूज वाढायला जागा देत नाही, आतला रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि डोंगरात ती कापून काढायला तुमच्याकडे करवत नसते. पाय आहे त्या स्थितीत ठेवा, दोन्ही बाजूंना पोल किंवा गुंडाळलेली मॅट लावा, ओढणीने किंवा टॉवेलने हलकं बांधा, बोटं गार किंवा निळी पडत नाहीत ना हे दर थोड्या वेळाने बघा, बूट काढायची घाई करू नका पण लेस सैल करा. १०८ ला फोन करा, रेंज नसेल तर दोघांना खालच्या गावात पाठवा, एकट्याला नको, आणि जखमी माणसाजवळ कुणीतरी बसून राहा.